आठवड्याला शंभर पौंड : मुसोलिनी ब्रिटिश गुप्तचरांच्या पगारावर असताना

प्रकरण अभ्यास लिहिताना माणसांची नावं बदलायची पद्धत आहे. इथे त्याची गरज नाही. प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे, त्यातले दोघेही सार्वजनिक जीवनातले होते आणि पैसे देणाऱ्याने स्वतःच ही गोष्ट पुढे कबूल केली. प्रश्न साधा आहे : युद्धाच्या धामधुमीत एका परदेशी गुप्तचर अधिकाऱ्याने एका पत्रकाराला पैसे दिले, तो पत्रकार पाच वर्षांत हुकूमशाहीच्या उंबरठ्यावर पोहोचला. निर्णय नेमका कुठे चुकला, की मुळात चुकलाच नाही?

पार्श्वभूमी

१९१४ च्या उन्हाळ्यात बेनिटो मुसोलिनी एकतीस वर्षांचा झाला. इटालियन समाजवादी पक्षाचं 'अव्हान्ती!' हे दैनिक डिसेंबर १९१२ पासून त्याच्या हातात होतं. १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली तेव्हा तिला विरोध केला म्हणून त्याने पाच महिने तुरुंगात काढले होते. पक्षातलं त्याचं वजन वाढलं ते याच युद्धविरोधामुळे.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. इटली कागदोपत्री जर्मनी आणि ऑस्ट्रियाची मित्र होती, तरी तिने तटस्थता जाहीर केली. समाजवाद्यांनाही तेच हवं होतं. सुरुवातीला मुसोलिनीही तेच लिहीत होता. मग १८ ऑक्टोबरला त्याने 'अव्हान्ती!'त लेख लिहिला : निव्वळ तटस्थता पुरे, आता सक्रिय तटस्थता हवी. शब्द कितीही घोळवले तरी अर्थ एकच होता, युद्धात उतरा. एक-दोन दिवसांतच संपादकपद गेलं आणि नोव्हेंबरअखेर पक्षातूनही हकालपट्टी झाली.

पण त्याआधीच, १५ नोव्हेंबरला, मिलानमध्ये त्याचं स्वतःचं दैनिक निघालं होतं : 'इल पोपोलो दितालिया'. पेपराच्या नावाखाली 'समाजवादी दैनिक' असं छापलेलं आणि बाजूला फ्रेंच क्रांतिकारक ब्लांकी आणि नेपोलियन यांची वचनं. नोकरी गेलेला माणूस महिन्याभरात दैनिक काढतो तेव्हा लोक जे विचारणार तेच मिलानच्या समाजवाद्यांनी विचारलं : पैसे कोण देतं? ही त्यांची घोषणाच झाली. सुरुवातीची सोय बोलोन्याच्या 'इल रेस्तो देल कार्लिनो'चा संपादक फिलिप्पो नाल्दी याने लावून दिली होती. युद्धातून ज्यांचे कारखाने चालणार होते असे उद्योगपती त्यामागे होते आणि इटलीला आपल्या बाजूने ओढायला उत्सुक असलेल्या फ्रान्सकडूनही पैसा आला.

इथेच एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. 'पैसे घेतले म्हणून मत फिरवलं' हा समाजवाद्यांचा आरोप मला पटत नाही. ऑक्टोबरचा लेख लिहिताना त्याच्या हातात असलेली चांगली नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं. मत आधी फिरलं होतं, पैशाने त्या मताला छापखाना मिळवून दिला. पैसे देणाऱ्याने हा फरक ओळखला तरच आपण काय विकत घेतोय हे त्याला कळतं.

मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली. मुसोलिनी बेर्साल्येरी या चपळ पायदळाच्या पलटणीत भरती झाला, कॉर्पोरल झाला. फेब्रुवारी १९१७ मध्ये सरावाच्या वेळी उखळी तोफ फुटून तो जबर जखमी झाला. सैन्यातून सुटून काठीच्या आधाराने तो पुन्हा पेपरच्या कचेरीत आला. आता त्याच्याकडे लेखणीबरोबर जखमी सैनिकाची पुण्याईही होती.

दुसरं पात्र म्हणजे सॅम्युअल होअर. मराठी वाचकाला हे नाव पुणे करारामुळे ठाऊक असतं : मार्च १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून ज्याला पत्र लिहून, दलितांना विभक्त मतदारसंघ दिलेत तर मी प्राण पणाला लावीन असं कळवलं, तो भारतमंत्री हाच. १९१७ मध्ये मात्र तो सदतीस वर्षांचा, हुजूर पक्षाचा खासदार आणि युद्धापुरता गुप्तचर अधिकारी होता. रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडला, ब्रिटिश गुप्तचर पथकाचा तो प्रमुख होता, झारच्या दरबारातल्या रास्पुतिन या साधूचा खून झाला तेव्हा तिथेच होता. १९१७ मध्ये त्याला रोमला पाठवलं. हाताखाली शंभरेक माणसं.

रशियातला अनुभव महत्त्वाचा आहे. एक मित्रराष्ट्र आतून कसं ढासळतं हे त्याने नुकतंच पाहिलं होतं. इटलीत आल्यावर त्याला सगळीकडे पेट्रोग्राड दिसलं असेल तर नवल नाही.

अडचण

आणि खरंच, दिसण्यासारखं बरंच होतं. जुलै १९१७ मध्ये समाजवादी खासदार त्रेवेस संसदेत म्हणाला की पुढच्या हिवाळ्यात खंदकात कुणी नको. १ ऑगस्टला पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी युद्धाला 'निरर्थक कत्तल' म्हटलं. त्याच महिन्यात तोरिनोत (ट्युरिन) पाव मिळेना म्हणून दंगल पेटली, सैन्य बोलवावं लागलं, पन्नासेक माणसं मेली.

मग २४ ऑक्टोबरला कापोरेत्तोची लढाई. ऑस्ट्रियन आणि जर्मन फौजांनी इटलीची फळी फोडली. अडीच लाखांहून जास्त इटालियन सैनिक कैद झाले, उरलेलं सैन्य पियावे नदीपर्यंत मागे हटलं. सरसेनापती कादोर्नाला जावं लागलं, सरकार पडलं, ओर्लांदो पंतप्रधान झाला. दोन आठवड्यांत पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि रशिया युद्धातून बाहेर पडणार हे स्पष्ट झालं.

लंडनच्या दृष्टीने हिशेब असा होता. इटली टिकली तर ऑस्ट्रियाची फौज आल्प्समध्ये अडकून राहते. इटली पडली तर तो सगळा भार फ्रान्समधल्या आघाडीवर येतो. ब्रिटन आणि फ्रान्सने घाईघाईने अकरा डिव्हिजन इटलीत पाठवल्या. पण मिलान आणि तोरिनोच्या कारखान्यांत संप झाले तर डिव्हिजन काय करणार? तोफा आणि विमानं तिथेच बनत होती. म्हणजे होअरसमोरची अडचण लष्करी कमी आणि रस्त्यावरची जास्त होती : उत्तर इटलीच्या कामगार वस्त्यांत 'युद्ध पुरे' हा आवाज वाढत होता आणि त्याला तिथल्याच भाषेत उत्तर देणारं कुणी हवं होतं.

समोरचे पर्याय

हाताशी असलेले रस्ते कागदावर मांडले तर चार दिसतात.

पहिला, काहीच न करणं. दुसऱ्या देशाच्या घरगुती राजकारणात हात घालायचा नाही, आपल्या डिव्हिजन आणि कोळसा पाठवत राहायचं. एरवी हा शहाणपणाचा रस्ता. नोव्हेंबर १९१७ मध्ये तो सुचवायची कुणाची छाती नव्हती.

दुसरा, उघड प्रचार : पत्रकं, सभा, ब्रिटिश वक्ते. अडचण उघड आहे. ज्या कामगाराला हे युद्ध श्रीमंतांचं वाटतं, त्याला परक्या श्रीमंत देशाचं पत्रक वाचून धीर येणार नाही.

तिसरा, युद्धाला पाठिंबा देणारे मवाळ समाजवादी. लेओनिदा बिसोलाती हा त्यांचा नेता मंत्रिमंडळात होता. माणूस सचोटीचा, संसदीय वळणाचा. पण त्याच्या मागे दंगा थोपवणारी माणसं नव्हती आणि मंत्र्याला परकी गुप्त रक्कम देणं म्हणजे उद्याच्या भानगडीला आजच आमंत्रण.

चौथा, मुसोलिनी. तो मिलानमध्येच होता. समाजवाद्यांची भाषा, त्यांचे वाद, त्यांची दुखणी त्याला आतून माहीत. तो जखमी सैनिक होता, त्यामुळे 'तू खंदकात ये मग बोल' असं त्याला कुणी म्हणू शकत नव्हतं. पेपर होता आणि पेपरला कायम पैशाची चणचण. गुप्तचर अधिकाऱ्याला स्वप्नात पडावा असा माणूस.

मला इथे पाचवा पर्याय दिसतो आणि तो होअरला सुचल्याचं कुठे जाणवत नाही : कामगार चिडले होते ते पावासाठी. गव्हाची जहाजं लवकर पोहोचवणं हाही प्रचारच होता आणि कदाचित सगळ्यात परिणामकारक. पण गहू हे वेगळ्या खात्याचं काम. ज्याच्या हातात गुप्त निधी असतो त्याला प्रत्येक अडचणीचं उत्तर गुप्त निधीतच सापडतं.

काय केलं

होअरने लंडनहून परवानगी घेतली. एमआय-५ ही ब्रिटिश गुप्तचर संस्था त्या वेळी लष्करी गुप्तचर विभागाचाच भाग होती आणि पैसा तिथून आला. १९१७ च्या शरदापासून मुसोलिनीला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले आणि निदान वर्षभर ते चालू राहिले. वर्षाचे झाले ५,२०० पौंड. केंब्रिजचे इतिहासकार पीटर मार्टलँड यांनी २००९ मध्ये या रकमेचा तपशील पुढे आणला तेव्हा त्या शंभर पौंडांची २००९ मधली किंमत सुमारे ६,००० पौंड धरली गेली. एका पत्रकाराला ही रक्कम भरपूरच. पण ब्रिटन तेव्हा युद्धावर रोज सुमारे ४० लाख पौंड खर्च करत होता. त्या मानाने ही चिल्लर. आणि चिल्लर असल्यामुळेच तिच्यावर फारसा विचार झाला नसावा, असं मला वाटतं. मोठ्या रकमेला मोठी चौकशी लागते. शंभर पौंडांवर एक सही पुरते.

पैसे कशासाठी? पेपर चालू राहावा आणि त्याने युद्धाची बाजू लावून धरावी, हे झालं दर्शनी काम. पण मुसोलिनीने आणखी एक शब्द दिला. युद्धातून अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना मिलानमध्ये उभं करीन, आणि रस्त्यात शांततेच्या सभा घेणाऱ्यांची डोकी ते फोडतील, अशा अर्थाचा त्याचा निरोप होता. होअरने तो पुढे आपल्या आठवणींत नोंदवला आणि माणूस शब्दाला जागला असंही लिहिलं.

या प्रकरणातला खरा निर्णयक्षण हा आहे. पैसे द्यायचं ठरलं तो नव्हे. हा निरोप आला तो. आतापर्यंत व्यवहार पेपरचा होता. या निरोपाने तो माणसांचा झाला. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, सुपारी. ज्याने ती द्यायची तो जर निरोप ऐकून गप्प बसला, तर समोरचा त्याचा अर्थ होकार असाच घेतो. होअर हा पुढे लोकशाही राज्यकारभारात मोठमोठी पदं भूषवलेला माणूस. दुसऱ्या देशातल्या नागरिकांच्या सभा लाठीने मोडायच्या, त्या युद्धविरोधी असल्या तरी, यावर थांबून विचार करावा असं त्याला वाटलं नाही. कापोरेत्तोनंतरच्या त्या आठवड्यांत बहुतेक कुणालाच वाटलं नसतं, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

मुसोलिनीकडेही याच काळात काहीतरी घडत होतं. डिसेंबर १९१७ मध्ये त्याने 'खंदकशाही' अशी कल्पना मांडली : उद्याचं राज्य खंदकातून परतलेल्यांचं असेल. ऑगस्ट १९१८ मध्ये पेपराच्या नावाखालचं 'समाजवादी दैनिक' गेलं आणि 'लढणाऱ्यांचं आणि उत्पादकांचं दैनिक' असं आलं. जेनोव्हाची शस्त्रं बनवणारी आन्साल्दो कंपनी तोवर त्याच्या पेपरला जाहिरातींतून मदत करत होती. रोमच्या ब्रिटिश कचेरीत एखादा माणूस रोज तो पेपर फक्त 'युद्धाच्या बाजूने काय छापलं' एवढं बघण्यापलीकडे वाचत असता, तर आपण ज्याला पोसतोय तो एका देशाच्या युद्धापुरता राहिलेला नाही, हे त्याला त्या दोन शब्दांच्या बदलातच दिसलं असतं.

काय झालं

तात्पुरतं पाहिलं तर सगळं मनासारखं झालं. पियावेची फळी टिकली, मिलानमध्ये पेट्रोग्राड झालं नाही आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑस्ट्रियाने शस्त्रं ठेवली. यात शंभर पौंडांचा वाटा किती? माझ्या मते अगदी थोडा. शत्रू घराच्या दारात आल्यावर इटालियन लोकांनी जी चिकाटी दाखवली ती कुठल्याही पेपरच्या अग्रलेखांतून आली नव्हती आणि नवा सरसेनापती दियाझ सैनिकांचं खाणं-रजा नीट पाहू लागला हे त्याहून मोठं कारण.

युद्ध संपलं तरी माणसं होतीच. २३ मार्च १९१९ ला मिलानच्या पियात्सा सान सेपोल्क्रोमधल्या एका सभागृहात शंभरेक लोक जमले आणि मुसोलिनीने लढवय्यांची संघटना स्थापन केली. फॅसिस्ट पक्षाची सुरुवात ती हीच. महिनाही उलटला नव्हता, १५ एप्रिलला जमावाने 'अव्हान्ती!'ची कचेरी जाळली. ज्या पेपरचा तो एकदा संपादक होता तोच. शांतता सभा मोडायला शिकलेलं तंत्र आता संप मोडायला वापरात आलं. गणवेश नंतर काळा झाला, एवढाच फरक.

जून १९१९ मध्ये मिलानचा पोलीस अधिकारी जोव्हान्नी गास्ती याने मुसोलिनीवर एक अहवाल लिहिला. हुशार, भावनेच्या आहारी जाणारा, झटकन मित्र आणि शत्रू करणारा, दुय्यम जागेवर समाधान न मानणारा, पुढे राहून हुकमत गाजवू पाहणारा, असं त्याचं वर्णन त्यात आहे. एका शहरी पोलीस अधिकाऱ्याला जे दिसलं ते शंभर माणसांच्या परदेशी कचेरीने बघायचं मनावर घेतलं नव्हतं, कारण तिला त्या माणसाचा उपयोग हवा होता, ओळख नको होती.

इथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. इंग्रजांच्या पैशाने हुकूमशहा घडला, असं वाक्य लिहायला सोपं जातं. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत मिलानमध्ये त्याच्या यादीला पाच हजारही मतं पडली नाहीत. समाजवाद्यांनी त्याच्या नावाची तिरडी काढून मिरवली. त्याला वर आणलं ते १९२० नंतर पो नदीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांच्या पैशाने, संपांना घाबरलेल्या मध्यमवर्गाने, उदारमतवादी नेत्यांच्या 'याला वापरून घेऊ' या हिशेबाने, आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये राजाने लष्करी कायद्यावर सही करायचं नाकारून. हा सगळा पसारा शंभर पौंडांपेक्षा फार मोठा. पण 'वापरून घेऊ, मग बघू' हा हिशेब पहिल्यांदा मांडणाऱ्यांत रोमचा ब्रिटिश अधिकारी होता.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे : मुसोलिनी पंतप्रधान झाला, मग १९२४ मध्ये समाजवादी खासदार मातेओत्तीचा खून, जानेवारी १९२५ पासून उघड हुकूमशाही. मधल्या काळात, १९२३ मध्ये, ब्रिटनच्या राजाने मुसोलिनीला 'ऑर्डर ऑफ द बाथ' हा मानाचा किताब बहाल केला. तो १९४० मध्ये काढून घ्यावा लागला.

होअर आणि मुसोलिनी यांची गाठ एकदा पुन्हा पडली. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने अॅबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला केला. होअर तेव्हा परराष्ट्रमंत्री. डिसेंबरमध्ये त्याने फ्रान्सचा पंतप्रधान लाव्हाल याच्याबरोबर पॅरिसमध्ये एक गुप्त मसुदा ठरवला : अॅबिसिनियाचा मोठा भाग मुसोलिनीला द्यायचा आणि युद्ध थांबवायचं. मसुदा फ्रेंच पेपरांत फुटला, ब्रिटनमध्ये गहजब झाला आणि १८ डिसेंबरला होअरला राजीनामा द्यावा लागला. जुन्या ओळखीमुळे त्याने हे केलं असं म्हणायला आधार नाही. पण रीत तीच दिसते : मोठं संकट टाळायला मुसोलिनीला त्याची किंमत द्या, बिल नंतर पाहू. आणि बिल याही वेळी दुसऱ्याच देशाच्या लोकांच्या नावाने.

वेगळं काय करता आलं असतं

पैसेच द्यायला नको होते, हे उत्तर मला प्रामाणिक वाटत नाही. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये बसून १९२५ दिसत नाही. त्या क्षणी जे माहीत होतं तेवढ्यावरच निर्णय तपासला पाहिजे. तेवढ्यावरही तीन जागा सापडतात.

पहिली, साधनांची मर्यादा. होअरने किती द्यायचे हे ठरवलं, कधीपर्यंत हेही बहुधा ठरलं. कशाने, हे सोडून दिलं. पेपरसाठी पैसे, माणसं उभी करायला नाही, एवढं एक वाक्य निरोपाच्या उत्तरात गेलं असतं तर मुसोलिनीने ते पाळलं असतं का? बहुधा नाही. पण पैसे थांबवायला निमित्त मिळालं असतं आणि कचेरीला आपली रेघ कुठे आहे हे तरी कळलं असतं.

दुसरी, एकाच माणसावर भिस्त. त्याच रकमेत दोन-तीन छोटे पेपर, एखादी मजूर सहकारी संस्था, जखमी सैनिकांची एखादी मदत मंडळी जगवता आली असती. गुप्तचर खात्यांना हे आवडत नाही. एक माणूस सांभाळणं सोपं, दहा सांभाळताना गुपित फुटतं. सोय आणि सुरक्षितता यांच्यासाठी त्यांनी सगळं वजन एका पारड्यात टाकलं आणि तो एक माणूस आपोआप मोठा झाला.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : संबंध संपवायचा कसा. युद्ध संपलं, पैसे थांबले, फाइल मिटली. पण ब्रिटिशांच्या हातात एक जबरदस्त गोष्ट उरली होती. १९१९ ते १९२२ या काळात मुसोलिनी देशाभिमानाच्या नावाने लोकांना चेतवत होता आणि इटलीच्या विजयाचा घास मित्रराष्ट्रांनी हिरावला असं ओरडून सांगत होता. त्याने त्याच मित्रराष्ट्रांचा आठवडी पगार घेतला होता हे तेव्हा बाहेर आलं असतं, तर 'पैसे कोण देतं?' या जुन्या प्रश्नाला पुराव्यासकट उत्तर मिळालं असतं. ते बाहेर आलं नाही, कारण ते सांगणाऱ्यालाही आपण परक्या देशात डोकी फोडायला पैसे पुरवले हे मान्य करावं लागलं असतं. गुप्त देणगीने घेणारा बांधला जातो, असं देणारे समजतात. इथे दोघेही सारखेच बांधले गेले आणि घेणाऱ्याला गमावण्यासारखं तेव्हा कमी होतं.

होअरने हे लिहिलं ते १९५४ मध्ये, मुसोलिनीच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. रकमेसकट तपशील लोकांसमोर यायला २००९ उजाडलं.